पुसलेल्या पानांचा डबा

३ मार्च

प्रिय टिल्लू,

पन्नाशी उलटलेल्या, कॉलेजातल्या साठ कॉम्प्युटरांची देखभाल करणाऱ्या बाईला टिल्लू म्हणू नये, हे मला कळतं. पण मी तुला पाळण्यात पाहिलंय, माझा नाइलाज आहे.

माझा कॉम्प्युटर गेला. नऊ वर्षांपूर्वी तूच सुटे भाग आणून जोडून दिलेला तो. परवा सकाळी बटण दाबलं, आत टक् झालं, जळका वास आला आणि खेळ खलास. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी उघडून पाहिला. म्हणाल्या, काका, याला आता काही अर्थ नाही, पण हार्ड डिस्क शाबूत दिसते. ती त्यांनी काढून हातात दिली. मी ती घरी आणून लोकरीच्या मोज्यात घातली आणि मोज्यांच्याच खणात ठेवली आहे. हसू नकोस.

तिच्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यापासून अंधांच्या ग्रंथालयासाठी मी वाचलेली त्रेचाळीस पुस्तकं. ते ग्रंथालय दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, तरी मी वाचत राहिलो; त्यांच्याकडच्या प्रती कुठे गेल्या देव जाणे. म्हणजे जे काही आहे ते या मोज्यात. दुसरी प्रत नाही. "दादा, बॅकअप घे" असं तू दर भेटीत बजावायचीस आणि मी "घेतो गं" म्हणून चहा मागायचो. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि स्वतःच्या घरात ही तऱ्हा.

दुकानातल्या बाई म्हणतात, अशी डिस्क घालायला डबा मिळतो, वायर लावली की कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. त्यांच्याकडे चार प्रकारचे डबे आहेत. कोणता घेऊ? स्वस्तातला सांग, कारण एक वापरलेला लॅपटॉपही त्यांच्याकडूनच घेतला आणि खिसा हलका झाला आहे.

पंधरा एप्रिलच्या आत हे उरकायला हवं. का ते विचारू नकोस, मला कामं रेंगाळलेली आवडत नाहीत एवढंच. आणि फोन करू नकोस, पत्रच लिही. थंडीने घसा बसलाय, बोललं की बेडकासारखा आवाज येतो. शिवाय तू फोनवर भरभर बोलतेस आणि मी निम्मं विसरतो.

वहिनी बरी आहे. माझ्या वाचनाच्या खोलीला कुलूप लागल्यामुळे तिला दोन दिवस मोठ्याने भांडी घासता आली.

तुझा,
दादा


८ मार्च

दादा,

आधी ती डिस्क मोज्यातून काढ! लोकर वीज धरते. कागदी खोक्यात ठेव, वर वर्तमानपत्र गुंडाळ, आणि ते खोकं वहिनीच्या ताब्यात दे. तुझ्यापेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे.

आता डबा. याला दुकानात एन्क्लोजर म्हणतात, पण तू डबा म्हण, चालेल. फूटपट्टी घे आणि डिस्कची रुंदी मोज. तुझी कॉम्प्युटरातली आहे, म्हणजे चार इंच भरेल. लॅपटॉपातली असती तर पावणेतीन भरली असती. चार इंचवालीला दुकानात "साडेतीन इंची" म्हणतात. का म्हणतात विचारू नकोस, तुझं रक्त उसळेल.

साडेतीन इंची डिस्कला लॅपटॉपच्या वायरीतून मिळते तेवढी वीज पुरत नाही. त्यामुळे भिंतीत लावायचा स्वतःचा अडॅप्टर ज्याच्याबरोबर येतो, तोच डबा घ्यायचा. बाई लहान, वायरीवर चालणारा दाखवतील, तो स्वस्त असतो, सुबक असतो आणि तुझ्या काही कामाचा नाही. अडॅप्टरवर बनवणाऱ्याचं नाव छापलेलं हवं. निनावी अडॅप्टर तापतो आणि डिस्कला घेऊन जातो. डब्यात पैसे वाचव, अडॅप्टरात नको.

अंग धातूचं घे, पंखा नको. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा डिस्कची उष्णता बाहेर टाकतो, पंखा नुसता आवाज करतो आणि धूळ खातो. दोन डिस्का मावणारा मोठा डबाही नको. बाई म्हणतील, दोन्हीवर आपोआप एकच लिहिलं जातं, केवढी सोय. पण एकीत चूक केलीस की दुसरीतही त्याच क्षणी तीच चूक होते. तो बॅकअप नव्हे. त्यापेक्षा एक साधा डबा, आणि नंतर दुसरी एक नवी डिस्क वेगळ्या डब्यात घालून माझ्या घरी. तुझ्या घरात पाणी शिरलं तरी माझ्याकडची कोरडी राहील.

तर: साडेतीन इंची, धातूचा, नाव असलेल्या अडॅप्टरचा, एका डिस्कचा. चारांतला बहुतेक किमतीत खालून दुसरा असेल.

आता दुसरी गोष्ट. दोन महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. प्रत्येक वेळी वहिनी उचलते आणि तू एकतर झोपलेला असतोस किंवा बाहेर गेलेला. दादा, तू आयुष्यात दुपारी झोपलेला नाहीस. जानेवारीत तुझ्या पंचाहत्तरीला मी आले नाही म्हणून रुसला असशील तर तसं लिही. परीक्षा होत्या, साठ कॉम्प्युटर आणि मी एकटी, खरंच जमलं नाही. माफ कर म्हणते, पण हे मुक्याचं व्रत सोड.

टिल्लू


१५ मार्च

प्रिय टिल्लू,

रुसलेलो नाही. पंचाहत्तरीला तू आली नाहीस म्हणून केकचा तुझा वाटा मी खाल्ला, तेव्हा हिशेब चुकता झाला. घसा बसलाय म्हटलं ना. विषय संपला.

चार इंच भरलेल्या वस्तूला साडेतीन इंची म्हणतात आणि जगात एकाही माणसाने ही चूक दुरुस्त केली नाही! मी दुकानातल्या बाईंना पट्टी लावून दाखवली. त्या म्हणाल्या, काका, वीस वर्षं विकतेय, मी कधी मोजलीच नाही. तू म्हटलं होतंस तसाच त्यांनी आधी लहान डबा पुढे केला, मग दोन डिस्कांचा. मी दोन्हींना नाही म्हणून मान हलवली. खालून दुसराच निघाला. राखाडी, धातूचा, शाळेतल्या कंपासपेटीसारखा पण जाड. अडॅप्टरवर नाव आहे, भिंगाने वाचलं. बाईंनी माझ्यासमोर डिस्क आत सरकवली, झाकण लावलं, स्क्रूसुद्धा नाही. एवढ्याशा कामासाठी मी दहा दिवस घाबरत होतो.

आता चहा पिऊन जोडतो. बाकी जोडल्यावर.

त्याच दिवशी, संध्याकाळचे पाच.

जोडली. डिस्क आत घुर्र करून फिरू लागली, जीव भांड्यात पडला. पण लॅपटॉपने लगेच एक चौकट दाखवली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? आता तुला माझी सवय माहीत आहे. प्रुफाच्या समासात कुणी शंका लिहिली असेल तर तिला हो किंवा नाही असं उत्तर दिल्याशिवाय पान पुढे सरकवायचं नसतं. चाळीस वर्षांत मी एकही शंका तशीच सोडलेली नाही. मला डिस्क वापरायची होती, तेव्हा मी "हो" दाबलं. मग आणखी एक चौकट आली, असलेली सगळी माहिती पुसली जाईल. मी म्हटलं, डबा तर आज सकाळी आणलाय, कोरा करकरीत, त्यात कसली आलीय माहिती? तिथेही "हो" दाबलं.

पाच मिनिटांत काम झालं. पांढरी स्वच्छ खिडकी उघडली आहे. आता पुस्तकं त्या खिडकीत आपोआप येतात की मी काही दाबायचं असतं? तासभर वाट पाहिली, अजून एकही आलेलं नाही.

दादा


१८ मार्च

दादा,

सकाळी तुझं पत्र मिळालं आणि मी लगेच फोन केला, वहिनीने सांगितलंच असेल. तरी लिहून पाठवते, कारण तू बोललेलं विसरतोस आणि लिहिलेलं पाळतोस.

वायर काढलीच असेल, आता पुन्हा लावू नकोस. त्या डिस्कवर एक अक्षरही नवीन ठेवू नकोस, काही उघडून बघू नकोस. दुकानातल्या बाईंकडेही नेऊ नकोस. डब्यासकट कुरियरने माझ्याकडे पाठव.

पुस्तकं त्या खिडकीत येणार नाहीत, दादा. तू "हो" म्हणालास तेव्हा ती डिस्क पुसली गेली. पण ही चूक तुझी नाही, माझी आहे. नऊ वर्षांपूर्वी तुझे पैसे वाचावेत म्हणून मी तुझ्या कॉम्प्युटरवर फुकट मिळणारी वेगळी प्रणाली घातली होती. बाईंच्या लॅपटॉपवर नेहमीची आहे. तिला त्या दुसरीची लिपीच वाचता येत नाही, म्हणून भरलेली डिस्क तिला कोरी दिसली आणि तिने तो प्रश्न विचारला. तो येणार हे मला माहीत असायला हवं होतं. मी तुला अडॅप्टर शिकवला, पत्रा शिकवला, पंखा शिकवला, आणि एवढं एक वाक्य लिहायचं राहिलं. आता रात्री मला झोप लागायची नाही.

नेहमी पूर्ण पुसलं जातंच असं नाही. बहुतेक वेळा नुसती अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात. मी प्रयत्न करते.

आणि वहिनी फोनवर मधेच गप्प का झाली?

टिल्लू


२१ मार्च

प्रिय टिल्लू,

डबा याच खोक्यात आहे, टॉवेलात गुंडाळलाय. पत्र ह्यांना न सांगता घातलंय. तुला लिहू नकोस म्हणून ह्यांनी मला शपथ घातली होती. मी ती मोडते आहे आणि मला काही वाटत नाही.

ह्यांचा घसा थंडीने बसलेला नाही. जानेवारीत तपासण्या झाल्या. स्वरयंत्रात गाठ आहे आणि ती वाईट आहे. सोळा एप्रिलला ऑपरेशन ठरलंय. स्वरयंत्र पूर्ण काढणार. डॉक्टरांनी समोर बसवून, चित्र काढून सांगितलं. जिवाला धोका कमी आहे, म्हणाले, पण यापुढे यांना बोलता येणार नाही. फोनवर आवाज ऐकलास तर तुला एका शब्दात कळेल, म्हणून हे तुझा फोन घेत नव्हते. तू रुसलास का म्हणून विचारलंस, त्या दिवशी ते पत्र हातात धरून बराच वेळ बसले होते.

ती पुस्तकं म्हणजे ह्यांचा राहिलेला सगळा आवाज होता. म्हणून पंधरा तारखेची घाई. तुझ्या फोनवरचं मी ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे खोलीत गेले, दार लावलं, लॅपटॉपला मायक्रोफोन जोडला आणि पहिलं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. सोळा तारखेपर्यंत एक तरी पुरं करायचंच म्हणतात. म्हणतात म्हणजे कागदावर लिहून दाखवतात. आवाज वाचनासाठी राखून ठेवायचा म्हणून माझ्याशी बोलणं बंद केलंय. चहा हवा असला तर कप दाखवतात.

मी नऊ वर्षं सकाळचे दोन तास या घरात पाय न वाजवता हिंडले, टिल्लू. तक्रार नव्हती, चांगलं काम होतं. पण आता सव्वीस दिवस राहिलेत. या सव्वीस दिवसांत माझ्या नवऱ्याने माझ्याशी बोलावं एवढंच मला हवंय, आणि ते बंद दाराआड यंत्राशी बोलतायत. मी काही म्हटलं तर डोळे भरून येतात त्यांचे, म्हणून म्हणतही नाही.

तू ती पुस्तकं परत आण. मला ती ऐकायची म्हणून नाही. ती मिळाली तर हे दार उघडतील.

वहिनी


३१ मार्च

दादा,

वहिनीने सगळं कळवलं. तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

मला किती राग आलाय ते लिहायला घेतलं तर पत्र संपणार नाही. मी तुला पंख्याबद्दल आणि पत्र्याबद्दल शहाणपण शिकवत होते, आणि तू तिकडे गळ्यात गाठ घेऊन फूटपट्टी लावत होतास! तुझी थट्टा करत होते मी. आठ दिवस रडून झालं, आता कामाचं बोलते.

पुस्तकं मिळाली. आधी हे वाक्य पुन्हा वाच. मिळाली, दादा.

कॉलेजात लवकर जाऊन, मुलं यायच्या आत रोज तीन तास बसत होते. डिस्क तुझ्याच डब्यात होती, तू निवड चांगली केलीस, तीन-तीन तास चालून नुसती कोमट व्हायची. अनुक्रमणिका गेली आहे, ती परत येत नाही. त्यामुळे पुस्तकांची नावं नाहीत, पानांचे क्रम नाहीत, नुसते आकडे दिलेले तुकडे आहेत. एकवीस हजार. तू दर पान वेगळं साठवायचास म्हणून एवढे. नऊ हजारांच्या आसपास पानं अपेक्षित होती, मग एकवीस हजार कुठून, हे मला दोन दिवस कळेना. मग ऐकायला घेतले.

दादा, त्यात तू पुसलेलीही आली आहेत. एखादं पान वाचताना अडखळलास की तू ते पुसून पुन्हा वाचायचास ना? पुसलेलंसुद्धा डिस्कवर पडून राहतं, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. मी डिस्क मोठी घेऊन दिली होती, ती कधी भरलीच नाही. चांगली पानं दोन-तीन मिनिटांची आहेत. पुसलेली मधेच तुटतात, त्यावरून ओळखता येतात. बारा हजार आहेत.

मी त्यातली दोनशे ऐकली. एकात राजा मरायला टेकलाय, प्रधान त्याचा हात हातात घेतो, आणि तू ओरडतोस, "अगं ए, दूध गेलं उतू!" लांबून वहिनी म्हणते, "मला दिसतंय, तुम्ही मरा तिकडे!" आणि तू हसतोस. एकात तू सात शिंका मोजून देतोस. एकात त्या प्रवासवर्णनवाल्या लेखकाला "गाढवा, क्रियापद कुठाय?" म्हणून विचारतोस. दादा, नऊ हजार पानांत तू फार सुंदर वाचतोस, पण तिथे तू कुठेच नाहीस. तू या बारा हजारांत आहेस.

एक सांगू की नको असं झालं, पण सांगते. तू वाचता वाचता थांबतोस आणि म्हणतोस, "अगं, उद्या तुझा वाढदिवस ना? काय आणू?" वहिनी दारातून म्हणते, "शू, तुमचं चालू आहे ना?" तू म्हणतोस, "असू दे. सांग." ती म्हणते, "काही आणू नका. उद्या एक दिवस वाचू नका." मग टक् आवाज येतो आणि तुकडा संपतो.

तुझ्या आवाजाची काळजी आता मिटली. तेव्हा ते नवीन वाचन बंद कर आणि दार उघड.

टिल्लू


३ एप्रिल

प्रिय टिल्लू,

पुस्तकं मिळाली हे वाक्य तू सांगितलंस तसं दोनदा वाचलं. खरं म्हणजे सहा वेळा. तुझे उपकार मानायला गेलो तर तू चिडशील.

पण ते पुसलेलं सगळं काढून टाक. मी विनवून सांगतो. माणूस चुका काढतो त्या कुणी बघू नयेत म्हणून. छापखान्यात आम्ही खराब प्रुफं संध्याकाळी फाडून टाकायचो, ती बाहेर जाऊ द्यायची नाहीत असा नियमच होता. माझ्या मागे माझा आवाज म्हणून कुणी काही ऐकणार असेल, तर ते शुद्ध असू दे. शिंका आणि शिव्या नकोत.

आणि तो वाढदिवस. मला आठवत नव्हता. तुझं पत्र वाचून आठवला. दुसऱ्या दिवशीही मी वाचलं, टिल्लू. प्रकरण संपत आलं होतं, म्हटलं एवढं उरकून टाकू. तिच्यासाठी शाल आणली होती.

भीती वाटते. हे कुणालाच सांगितलेलं नाही. ऑपरेशनची नाही, त्यानंतरच्या सकाळची. जाग येईल आणि सवयीने काहीतरी बोलायला जाईन, त्या वेळची. म्हणून वाचत बसतो. वाचताना माझी वाक्यं लागत नाहीत, कुणीतरी लिहिलेली असतात. तिच्यासमोर बसलो की नेमकं काय बोलावं ते सुचत नाही. तेरा दिवसांत बोलून संपेल असं मोठं काय आहे माझ्याकडे?

दादा


६ एप्रिल

दादा,

नाही काढणार.

आजवर तू सांगितलेलं ऐकलं. आईने दुसऱ्या शहरात शिकायला पाठवायचं नाही म्हटलं तेव्हा तू सांगितलंस म्हणून थांबले, नंतर तूच पाठवलंस. पण हे ऐकणार नाही. आता माझ्याकडे दोन डबे आहेत. दुसराही साडेतीन इंची, धातूचा, तसाच घेतला. दोन्हींत एकवीस हजार तुकडे आहेत, एकही गाळलेला नाही. एक माझ्या कपाटात राहील. दुसरा मी तुला देणार नाही, वहिनीला देणार आहे. त्याचं काय करायचं ते ती ठरवेल, कारण त्यातली निम्मी वाक्यं तिची आहेत.

मोठं काही बोलायला तुला कुणी सांगितलंय? बारा हजार तुकड्यांत एकही मोठी गोष्ट नाही. मी तरीही ते ऐकायला रोज सकाळी कॉलेजात लवकर जातेय.

शनिवारी येते, सोमवारी परत निघायला लागेल, परीक्षा आहेत. दोन दिवस माझ्याशी बोल. बेडकासारखा तर बेडकासारखा.

टिल्लू


२० एप्रिल

प्रिय टिल्लू,

ऑपरेशन नीट झालं हे फोनवर सांगितलंच. आज ह्यांच्या गळ्यातली नळी थोडी लहान केली. खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं. मी इथे दवाखान्यातच शेजारच्या बाकावर बसून लिहितेय.

तू सोमवारी गेलीस त्यानंतरचं सांगायचं राहिलं. तू गेल्यावर हे परत खोलीत जातात की काय म्हणून माझा जीव टांगलेला होता. मंगळवारी सकाळी गेले. मी नेहमीसारखी चपला काढून स्वयंपाकघरात उभी राहिले. दहा मिनिटांनी बाहेर आले, मायक्रोफोनची वायर गुंडाळलेली हातात. म्हणाले, "ही कुठे ठेवू?" आवाज फाटलेला, पण म्हणाले. मी म्हटलं, टाका कुठेही.

मग दोन दिवस हे बोलत होते. तुला वाटेल काय काय बोलले असतील. काही नाही गं. गादीला ऊन दाखवायला हवं. पाण्याचं बिल भरलं का. समोरच्यांनी भिंतीला हा कसला रंग लावलाय. छापखान्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली, ती मी आधी शंभर वेळा ऐकलेली आहे, आणि या वेळी शेवट वेगळाच सांगितला. मी म्हटलं, मागे तर तो पळून गेला होता. म्हणाले, तेव्हा मी खोटं सांगितलं होतं. भांडलोसुद्धा, औषधाच्या वेळेवरून, चांगले मोठ्याने. नंतर मला वाईट वाटलं, तर म्हणाले, अगं छान झालं की.

वाढदिवसाचं मी काढलं नाही. त्यांनीच काढलं. बुधवारी संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. म्हणाले, त्या दिवशी मी वाचायला नको होतं. मी म्हटलं, हो, नको होतं. तेवढंच. एवढ्या वर्षांत मी कधी हो म्हटलं नव्हतं, नेहमी "असू दे" म्हणायची.

तू म्हणाली होतीस, मोबाइलवर थोडं टिपून ठेव. मी ठेवलं नाही. मोबाइल समोर धरला असता तर हे लगेच नीट बोलायला लागले असते.

बुधवारी रात्री दवाखान्यात दाखल झालो, गुरुवारी सकाळी ह्यांना न्यायला आले. हिरवा अंगरखा घातला, चष्मा काढून माझ्या हातात दिला. सगळा वेळ मी घाबरत होते की शेवटी काहीतरी म्हणतील आणि मला ते सहन होणार नाही. स्ट्रेचरची गाडी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेली, तिथे नर्सने थांबवलं, कसलासा कागद राहिला होता. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. खाली जाऊन खाऊन ये, इथे बसून राहू नकोस."

मी म्हटलं, "बसणार."

"हट्टी आहेस," म्हणाले. मग कागद मिळाला आणि त्यांना आत नेलं.

वहिनी